हॉलिवूडच्या नटावर मोटिव्हेशनल भाषण ठोकायचंय? या, शिकवतो

परवा आमच्या ऑफिसात इन्क्रिमेंटची लेटरं आली. त्यात काय होतं ते सांगत बसत नाही, तुमचीही आली असतील. आणि त्याच दिवशी जेवणानंतर सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये कोंबून एका मोटिव्हेशनल स्पीकरचं सेशन. विषय ब्रायन क्रॅन्स्टन. हो तोच, ब्रेकिंग बॅड या अमेरिकन मालिकेचा हिरो. स्पीकर साहेबांनी कॉलर माइक लावला, 'आर यू रेडीऽऽ' असं तीनदा ओरडले, आवाज आला नाही म्हणून चौथ्यांदा ओरडले, आणि सुटले. ते सगळं ऐकून मला या धंद्याची पूर्ण रेसिपी कळलीये. पैसा बरा आहे म्हणतात. तेव्हा लिहून घ्या.

सुरुवात फोटोपासून. फोटो काळ्या हॅटचाच पाहिजे, गॉगल, टक्कल, दाढी. त्यावर एखादं दमदार वाक्य इंग्रजीत. ते वाक्य त्या नटाचं नसून पात्राचं आहे, आणि ते पात्र म्हणजे केमिस्ट्रीचा एक मास्तर जो ड्रग्ज बनवतो, माणसं मारतो आणि स्वतःच्या बायकोपोरांचं वाटोळं करतो, हे अजिबात बोलायचं नाही. आमच्याकडे तो फोटो 'लीडरशिप' या स्लाइडवर होता. मॅनेजर मान डोलवत होते.

मग बालपण. बालपण गरीबच लागतं आणि त्यात माती लागते. आमच्या साहेबांनी त्याला चक्क शेतकऱ्याचा मुलगा करून टाकला. आता हा माणूस १९५६ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मला, बाप जो क्रॅन्स्टन स्वतः नट, आई रेडिओवर काम केलेली. बापाला स्टार व्हायचं होतं, झाला नाही. पोरगा अकराएक वर्षांचा असताना बाप घर सोडून गेला, पुढे घरही कर्जात गेलं, आणि पोरांना काही काळ युकायपा नावाच्या गावी आजी-आजोबांकडे ठेवलं. त्यांच्याकडे कोंबड्या होत्या. झाला शेतकरी!

खरं म्हणजे यात सगळ्यात विचार करण्यासारखा तो बाप आहे. त्यानेही मेहनत केली, त्यालाही स्वप्न होतं, त्याच शहरात, त्याच धंद्यात, आणि नाही जमलं. पण ज्याला मेहनत करूनही जमत नाही त्याच्यावर स्लाइड नसते, त्यामुळे बाप कापा.

शिक्षण अर्धवट सोडलं असं ठोकून द्या. (पोलिस सायन्सचा कोर्स त्याने लॉस एंजेलिस व्हॅली कॉलेजातून पूर्ण केला होता. कोण बघायला जातंय.)

आता मुख्य मसाला, नीट ऐका. आवाज एकदम खाली आणायचा, दोन सेकंद गप्प बसायचं आणि म्हणायचं, 'फ्रेंड्स, वयाच्या पन्नाशीपर्यंत या माणसाला कुणीही ओळखत नव्हतं.' टाळ्या. आता हे जमायला मधली पंचवीस वर्षं साफ पुसावी लागतात. १९८३ ला न्यूयॉर्कमध्ये लव्हिंग नावाच्या रोजच्या मालिकेत हा होता, दोन वर्षांनी काढून टाकलं, ते पुसा. ढीगभर जाहिराती केल्या, त्यात मूळव्याधीच्या मलमाचीही एक होती, ती तर आधी पुसा, स्लाइडवर कशी दिसेल! पॉवर रेंजर्समधल्या राक्षसांना आवाज दिले, म्हणजे आपल्यातल्या कित्येकांनी शाळेतून आल्या आल्या दप्तर फेकून याचाच आवाज ऐकलाय आणि पत्ता नाही. साइनफेल्ड या कॉमेडी मालिकेतला डेंटिस्ट हा. सेव्हिंग प्रायव्हेट रायन सिनेमातला एका हाताचा कर्नल हा. आणि २००० ते २००६, मॅल्कम इन द मिडल, सात सीझन, १५१ एपिसोड, त्या घरातला चड्डीवर फिरणारा बाप हा! त्या कामासाठी तीनदा एमीचं, म्हणजे तिकडच्या टीव्हीच्या मोठ्या पुरस्काराचं, नॉमिनेशन! अहो, अमेरिकेत घराघरात सात वर्षं दिसणाऱ्या माणसाला कोण ओळखत नव्हतं? तुम्ही ओळखत नव्हतात! कारण तुम्ही ते बघितलं नाही, तुम्ही एक रील बघितलं, आणि त्या रीलवाल्याने दुसरं रील बघितलं होतं. बरं, ही पंचवीस वर्षं म्हणजे तो कुठे अंधारात बसून 'विश्वास' ठेवत नव्हता हो. काम करत होता. पगारी काम. ऐन पंचविशीपासून आपलं पोट फक्त अभिनयावर चाललंय याचा त्याला केवढा अभिमान आहे, किती मुलाखतींत बोललाय तो. आणि ते चाललं कसं, तर तिकडे नटांची युनियन आहे, किमान रेट ठरलेला आहे, एपिसोड पुन्हा दाखवला की पुन्हा चेक, जाहिरात चालू राहिली की पुन्हा चेक. छोट्या रोलवाल्यालाही. त्या पैशावर माणूस भाडं भरतो आणि पुढच्या ऑडिशनला जातो. हे 'पॅशन' नाही, ही व्यवस्था आहे. पण व्यवस्थेचं नाव काढलं की एचआरवाले पुढच्या वेळी बोलवत नाहीत, तेव्हा पॅशनच म्हणा.

सॉरी, आपण टीपा देत होतो.

नशीब आणि ओळख, हे दोन शब्द आले की माइक बंद करा. कारण खरी गोष्ट अशी की ब्रेकिंग बॅड ज्याने लिहिली त्या व्हिन्स गिलिगनने याला १९९८ मध्ये द एक्स-फाइल्सच्या एका एपिसोडमध्ये बघितलं होतं, तो एपिसोड गिलिगननेच लिहिलेला. माणूस द्वेषाने भरलेला, तोंड घाण, आणि तरी शेवटी आपल्याला त्याची दया यावी असा रोल. ते गिलिगनच्या डोक्यात राहिलं. पुढे चॅनेलवाले म्हणाले, अरे हा तर चड्डीवाला बाप, हा काय खुनशी दिसणार? तेव्हा गिलिगनने तोच जुना एपिसोड त्यांना दाखवला आणि गाडी पुढे गेली. (गंमत म्हणजे पहिल्याच एपिसोडमध्ये वाळवंटात पुन्हा चड्डीवरच उभा केलाय त्याला.) म्हणजे एका आठवड्याचं एक पाहुणं काम नीट केलं, आणि ते योग्य माणसाने लक्षात ठेवलं, आठेक वर्षं. तो माणूस विसरला असता तर? तर आज हा कुठल्यातरी मालिकेत कुणाचा तरी सासरा असता आणि तितकाच चांगला नट असता. पण यावर टाळ्या येत नाहीत.

पुरस्कारांचा आकडा फुगवा. बेस्ट अ‍ॅक्टरच्या एमी चार आहेत, २००८, ०९, १० आणि १४, तुम्ही बिनधास्त 'डझनभर' म्हणा.

नाटकाचा उल्लेख टाळा, त्यात तो अमेरिकेचा एकेकाळचा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन झाला होता, आणि तो कोण ते सांगत बसावं लागतं.

आणि शेवटी गीता. ही आमच्या साहेबांची मास्टरस्ट्रोक होती. क्रॅन्स्टन कुठेतरी म्हणालाय की ऑडिशनला जाताना काम मिळवायला जाऊ नका, तुमचं काम पात्र उभं करून दाखवणं, ते दाखवा आणि निघा, निवड करणं त्यांच्या हातात. चांगला सल्ला आहे, ऑडिशनच्या टेन्शनवरचा. साहेबांनी त्याला थेट 'कर्मण्येवाधिकारस्ते' लावलं, संस्कृतात म्हटलं, उच्चार चुकवला, आणि एचआरच्या मॅडमकडे बघत म्हणाले, 'म्हणून फ्रेंड्स, फळाची, म्हणजे इन्क्रिमेंटची अपेक्षा न ठेवता काम करा.' मागे कुणीतरी जोरात खोकलं. मॅडमनी टाळ्या सुरू केल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या.

आता टीपा बास झाल्या, पुढचं सरळच बोलतो.

तुम्ही ज्याच्या नावाने आम्हाला गप्प बसायला सांगताय ना, तो माणूस २५ जुलै २०२३ ला न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये स्टेजवर उभा होता. संपाच्या सभेत. हॉलिवूडच्या नटांचा संप चालू होता, ११८ दिवस चालला तो. का? तर स्ट्रीमिंग आल्यापासून ते पुन्हा पुन्हा येणारे चेक आटले होते आणि वर एआयने चेहरे वापरायची भीती. डिस्नेचा तेव्हाचा मोठा साहेब बॉब आयगर टीव्हीवर म्हणाला होता की यांच्या अपेक्षा वास्तवाला धरून नाहीत. आणि क्रॅन्स्टनने त्याचं नाव घेऊन भर चौकात सुनावलं, की आमची कामं काढून रोबोटला देऊ देणार नाही, नीट कमावून जगायचा हक्क काढून घेऊ देणार नाही आणि आमची इज्जत तर नाहीच नाही. त्याला स्वतःला गरज होती का? एव्हाना गडगंज माणूस. तो बोलत होता मूळव्याधीच्या मलमाची जाहिरात करणाऱ्या, राक्षसांना आवाज देणाऱ्या, छोट्या रोलमधल्या डेंटिस्टसाठी. कारण पंचवीस वर्षं तो तेच होता, जी तुम्ही पुसलीत.

लाज वाटायला पाहिजे राव. पगार मागणाऱ्या लोकांना पगारासाठी रस्त्यावर उतरलेल्या माणसाचं उदाहरण देऊन गप्प करता? आणि ते सुद्धा त्याच दिवशी? पगार वाढवायचा नसेल तर नाही म्हणा, कारण सांगा, आम्ही काय लहान पोरं नाही. पण स्पीकरला जे पाकीट दिलंत ते तरी वाटून टाकायचं होतं. आणि स्पीकर साहेब, तुम्ही पुढच्या कंपनीत जाल तेव्हा हीच स्लाइड लावणार हे माहितीये मला, तर निदान त्याचं आत्मचरित्र वाचा हो. २०१६ ला आलंय, फार जाडही नाही. त्यात बाप आहे, कोंबड्या आहेत, नोकरीवरून काढल्याचं आहे, सगळं त्याने स्वतः लिहिलंय. आमच्या जिवावर पैसे घेता तर एवढं तरी काम करून या.