‘सरकारच पोसतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

आमच्या चाळीच्या ग्रुपवर एक मजकूर पंधरा दिवसांत तीनदा आला: ‘वाचनालयं सरकारने काढली, सरकारच पोसतं. ग्रंथालय संघ म्हणजे अधिवेशन आणि हारतुरे. मोबाईलवर सगळं मिळतं, आता बंद करा.’ लालबागच्या एका छोट्या वाचनालयात मी बरीच वर्षं देवघेव सांभाळतो. गप्प बसवत नाही.

सरकारने काढली? ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबईचं 1898 चं. दोन्ही लोकांनी काढली. राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला 1967 मध्ये, तोही कार्यकर्त्यांनी आणि वाचनालयांच्या संघांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरल्यावर. मद्रासच्या 1948 च्या कायद्यात ग्रंथालय कर होता, आपल्याकडे तो नाही. अनुदानावरच भिस्त. पोसतं म्हणावं, तर 2022 च्या वाढीनंतर ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीतल्या वाचनालयाला वर्षाला 48,000 रुपये ठरले. महिन्याला चार हजार. त्यात पगार, पुस्तकं, वीजबिल सगळं बसवायचं!

हारतुऱ्यांबद्दल मात्र खरं बोललात. सत्कार लांबतात, व्यासपीठावर तरुण दिसत नाहीत, याचा मलाही राग येतो. पण संघाचं खरं काम तिथे चालत नाही. ते चालतं प्रशिक्षण वर्गात. पुस्तक दाखल नोंदवहीत कसं चढवायचं, विषयवार क्रमांक देताना मराठी साहित्याला 891.46 आणि त्यातल्या कादंबरीला 891.463 का, वाळवी लागलेलं कपाट कसं वाचवायचं, हे मी अशाच वर्गात शिकलो. तोवर आमच्याकडे पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली असायची. खरंच.

राहिला मोबाईल. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी आली. आजोबांची कथा एका मासिकात छापून आली होती, एवढंच तिला ठाऊक. मासिकाचं नाव माहीत, वर्ष नाही. नेटवर काही सापडलं नव्हतं. आमच्याकडे त्या मासिकाचे बांधीव अंक आहेत, वर्षवार नोंदलेले. चौथ्या खंडात कथा निघाली. कागद इतका ठिसूळ झालेला, की झेरॉक्सच्या काचेवर दाबला असता तर तुकडे पडले असते. म्हणून मी खंड टेबलावर अलगद उघडून धरला आणि तिने मोबाईलवर एकेका पानाचा फोटो काढून घेतला.