लाल डोळा दिसला की म्हणे 'डोळे आले'!

गावच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय: "डोळा लाल म्हणजे डोळे आले. मेडिकलमधून ड्रॉप आणा, नाहीतर मध, आईचं दूध घाला. ३ दिवसांत गुण. आजाऱ्याच्या डोळ्यांत बघू नका, लागण होते." वाळवा तालुक्यात रोज डोळे तपासतो, म्हणून उत्तर देतोय.

"लाल म्हणजे डोळे आले." नाही. डोळे येतात तेव्हा चुरचुरतं, सकाळी पापण्या चिकटतात, पण चिपडं पुसली की बहुतेकांना पहिल्यासारखं दिसतं. लाली पापणीकडे जास्त. तीच बुबुळाभोवती कडं धरून असेल, उजेड सोसवत नसेल, अंधुक दिसत असेल, तर बुबुळाला जखम किंवा आतून सूज असू शकते. सोबत डोकं ठणकतंय, उलट्या होतायत, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत? मग काचबिंदूची शंका घ्यायची आणि सकाळची वाट बघायची नाही.

"मेडिकलमधून ड्रॉप." इथं मात्र माझं डोकं फिरतं. आपल्याकडे ऊस. वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधताना पात सपकन डोळ्याला लागते. गेल्या हंगामात एक मामा आले, ५ दिवस ड्रॉप घालून. "लाली उतरली, पण दिसंना झालंय." टॉर्च मारली तर बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढुरका ठिपका, कडा पिसासारख्या. फ्लुरोसीनची, म्हणजे जखम दाखवणाऱ्या रंगाची, पट्टी टेकवून निळ्या उजेडात बघितलं, जखम हिरवीगार चमकली. खरवडून तपासल्यावर निघाली बुरशी. बाटलीत स्टेरॉइड होतं: त्यानं लाली ओसरते आणि आत बुरशी फोफावते. मग नॅटामायसिन, म्हणजे बुरशीवरचे ड्रॉप, तेही आठवडेच्या आठवडे. डोळा वाचला, पण बुबुळावर मधोमध फूल, म्हणजे पांढरा डाग, पडलं ते पडलंच. बाटलीवरचं नाव ना दुकानदारानं वाचलं होतं, ना मामांनी.

"मध, आईचं दूध." दोन्ही निर्जंतुक नसतात. विषय संपला.

"३ दिवसांत गुण." विषाणूनं आलेले डोळे साधारण १ ते २ आठवडे घेतात आणि बहुधा आपोआप बरे होतात. श्रेय मात्र शेवटी जे घातलं त्याला मिळतं.

"बघितल्यानं लागण." लागण होते हातानं, टॉवेलनं, उशीच्या अभ्र्यानं, एकाच डबीतल्या काजळानं. २०२३ च्या पावसाळ्यात साथ होती तेव्हा एक आजी नातवाला घेऊन आल्या. लागण नको म्हणून स्वतः काळा गॉगल लावलेला. बाकावर बसून त्यांनी पोराचे डोळे पदरानं पुसले, मग गॉगल वर सरकवून त्याच पदरानं स्वतःचे.