‘आत चिप दिसली’ या अभिप्रायास स्टुडिओचे उत्तर

महोदय,

आपण दिलेला एक तारा आणि सोबतचा अभिप्राय वाचला. ध्वनिमुद्रणात बेस गिटारचा आवाज आपल्या मनासारखा मिळाला नाही आणि आपली संध्याकाळ वाया गेली, याबद्दल दिलगीर आहे. आवाज न आवडणे हा आपला हक्क आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ‘अ‍ॅनलॉग डिस्टॉर्शन सांगून डिजिटल डबी लावली, आत चिप स्पष्ट दिसत होती, ही सरळ फसवणूक आहे’ असे आपण लिहिले आहे. पुण्यात नवीन बँडची मुले असे अभिप्राय वाचूनच स्टुडिओ ठरवतात, त्यामुळे या वाक्याला उत्तर देणे मला भाग आहे.

ती डबी, म्हणजे बेसचा आवाज खरखरीत करणारे पेडल, मी स्वतः बनवलेली आहे. तिचे सुटे भाग बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून आणलेले आहेत. आपण उत्सुकता दाखवलीत म्हणून मीच मागचे स्क्रू काढून ती आपल्याला उघडून दाखवली होती. लपवायचे असते तर कोणी असे केले असते का, याचा आपणच विचार करावा. आत आपल्याला दिसलेली आठ पायांची काळी चिप म्हणजे टीएल०७२ हा ऑप-अ‍ॅम्प. तो तारेच्या कंपनातून आलेला व्होल्टेज आहे त्याच आकारात मोठा करतो, आणि पुढे बसवलेले दोन सिलिकॉन डायोड तो साधारण ०.६ व्होल्टच्या वर जाऊ लागला की वाहू लागतात. त्यामुळे लाटेचा माथा सपाट होतो, मूळ स्वरावर नवे हार्मोनिक्स, म्हणजे त्याच्या पटीतले वरचे स्वर, चढतात आणि ज्याला आपण डिस्टॉर्शन म्हणतो तो खरखरीत आवाज तयार होतो. या सगळ्या प्रवासात आकडेमोड कुठेच नाही. ज्या ‘रॅट’ पेडलला आपण अभिप्रायात खरे अ‍ॅनलॉग म्हटले आहे, त्याच्या मूळ रचनेतही एलएम३०८ नावाची चिपच आहे.

डिजिटल डिस्टॉर्शनमध्ये हाच सिग्नल सेकंदाला, समजा, ४८,००० वेळा मोजला जातो आणि त्याचे माथे गणिताने कापले जातात. तसे करताना त्याच्या निम्म्या, म्हणजे २४,००० हर्ट्झच्या वर जाणारे हार्मोनिक्स उलटून खाली येतात आणि मूळ स्वराशी नाते नसलेली एक किरकिर ऐकू येते. चांगली सॉफ्टवेअर ओव्हरसॅम्पलिंग करून, म्हणजे सिग्नल आणखी दाट मोजून, ती बरीचशी टाळतात. माझा डिजिटलला विरोध नाही, उलट कित्येक ग्राहकांना मी तेच सुचवतो. आपले वादन शेवटी लॅपटॉपवरच ध्वनिमुद्रित होणार, हे तर मी सुरुवातीलाच सांगितले होते. आपल्या बेसला मात्र प्लगइन, म्हणजे लॅपटॉपमधले डिस्टॉर्शनचे सॉफ्टवेअर, लावलेले नव्हते.

राहिला प्रश्न आवाज ‘पोकळ’ झाल्याचा. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची ई तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे गिटारच्या ई तारेच्या बरोबर एक सप्तक खाली. एवढा खालचा सूर जोरात कापला तर तो पसरट होतो आणि वरचे स्वरही गढूळ करतो. म्हणून डायोडकडे जाण्याआधी मी खालचा भाग मुद्दाम कमी केला आहे आणि वजन स्वच्छ सिग्नलमधून यावे यासाठी ‘ब्लेंड’चा नॉब ठेवला आहे. बॉस कंपनीच्या ओडीबी-३ वर ‘बॅलन्स’ नावाचा नॉब असतो, तोही याच कामाचा. ‘मला भेसळ नको’ असे म्हणत आपण माझ्या डबीवरचा ब्लेंड पूर्ण उजवीकडे फिरवलात, म्हणजे स्वच्छ सिग्नल बंदच केलात. मी दोनदा मागे आणला, आपण पुन्हा फिरवलात. ग्राहकाच्या हातावर हात ठेवून नॉब फिरवणे मला जमत नाही.

पहिला तास वाया गेल्याबद्दलही आपण लिहिले आहे. आपला बेस अ‍ॅक्टिव्ह आहे, म्हणजे त्याच्या आत बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प आहे, आणि जॅक रात्रभर लावून ठेवल्याने, हे आपणच सांगितले, त्यातली नऊ व्होल्टची बॅटरी उतरली होती. प्रीअ‍ॅम्प आधीच फाटका आवाज देत होता आणि तो दोष पेडलचा समजून आपण केबल बदलत होतात. नवी बॅटरी मी माझ्याकडची दिली, तिचे पैसे बिलात नाहीत.

यापुढे बुकिंगच्या वेळीच आवश्यक त्या सूचना देण्याचा आणि उपकरणांची माहिती स्टुडिओत नीट लावून ठेवण्याचा प्रयत्न राहील. आपल्या वादनाचा स्वच्छ डीआय ट्रॅक, म्हणजे डबीतून न जाता थेट मुद्रित झालेला आवाज, मी सवयीप्रमाणे वेगळा जपून ठेवला आहे. तो त्याच डबीतून पुन्हा काढून, ब्लेंड योग्य ठेवून, आपल्यासमोर मिक्स करून देण्यास तयार आहे. या कामाचे शुल्क घेणार नाही. शक्यतो रविवार टाळून आधी फोन करावा. तारा एकच ठेवायचा असेल तर अवश्य ठेवावा, पण ‘फसवणूक’ हा शब्द आपण काढावा अशी नम्र विनंती आहे.

आपला,
स्टुडिओचालक