‘सीआरपी उतरला, पेशंट सुटला’ हे खरं नाही

सध्या फिरणारा मेसेज असा: ‘रक्तात जंतुसंसर्ग झाला तर सीआरपी उतरला की पेशंट वाचला समजा. त्यानंतर पुन्हा ब्लड कल्चर मागणं ही लूट. पांढऱ्या पेशी खाली आल्या की अँटिबायोटिक बंद करा.’ यावर विसंबून कुणी उपचार अर्धवट सोडला, तर जीव जाऊ शकतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सीआरपी म्हणजे दाह झाला की रक्तात वाढणारं एक प्रथिन. तो जंतू बनवत नाहीत, यकृत बनवतं. दाह ओसरला की तो साधारण 19 तासांत निम्मा होतो. उतरता आकडा चांगलं लक्षण आहे, हे मीही मानतो. पण यकृत निकामी असेल किंवा टोसिलिझुमॅबसारखं दाह दाबणारं औषध दिलेलं असेल, तर आत जंतू माजलेले असतानाही तो कमी दिसतो.

दुसरा मुद्दा ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा; तो सगळ्यात घातक. रक्तात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू सापडला, तर योग्य औषध चालू असतानाही कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत दर एक-दोन दिवसांनी परत लावावं लागतं. दोन ते चार दिवसांनंतरही जंतू उगवत असतील, तर तो हृदयाच्या झडपेवर, मणक्यात किंवा एखाद्या गळवात दडून बसल्याची शक्यता बरीच वाढते; मृत्यूचा धोकाही वाढतो. मग इको (हृदयाची सोनोग्राफी), स्कॅन, गळवाचा निचरा, सलाईनची जुनी नळी काढणं हे सगळं ठरतं ते त्या एका रिपोर्टवरून. साध्या केसमध्येही उपचाराचे किमान 14 दिवस पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजतात. कल्चर लावलंच नाही तर मोजायचे कुठून?

मोठ्या माणसाचं 8 ते 10 मिली रक्त बाटलीत जातं. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि यंत्र ते टिपतं. सहसा 5 दिवस वाट पाहतात. त्यामुळे पहिल्या दिवशीचं ‘वाढ नाही’ हे अंतिम उत्तर नव्हे. एक कल्चर निगेटिव्ह येऊन पुढचं पॉझिटिव्ह आल्याचीही उदाहरणं आहेत.

हां, लघवीच्या मार्गातून रक्तात गेलेला ई. कोलाय हा जंतू असेल आणि पेशंट झपाट्यानं सुधारत असेल, तर प्रत्येक वेळी पुन्हा कल्चर हवंच असं नाही. तिथे डॉक्टरांतही मतभेद आहेत.

राहिल्या पांढऱ्या पेशी. त्या 4,000 च्या खाली घसरणं हाही सेप्सिसमध्ये (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा) धोक्याचाच इशारा असतो.

नातेवाइकांनी डॉक्टरांना दोनच गोष्टी विचाराव्यात: जंतू कोणता, आणि पहिलं निगेटिव्ह कल्चर कोणत्या तारखेचं?