हौस म्हणून मोडीत काढू नका

‘रानातल्या धावपट्ट्या ही श्रीमंत वैमानिकांची हौस, बंद करा’ हे लेखातलं वाक्य खटकलं. अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या फ्रँक चर्च राखीव रानात आत जायला रस्तेच नाहीत. नदीकाठच्या मोजक्या घरांना टपाल, किराणा विमानानं पोचतो. म्हणून तर १९८० च्या कायद्यातच लिहून ठेवलंय, की तेव्हा नियमित वापरात असलेली पट्टी विमानांना अतिशय धोका असेल तरच कायमची बंद करता येईल, आणि तीही राज्याच्या लेखी संमतीशिवाय नाही. आणि धावपट्टी कसली, गवताचा तुकडा तो! हरणं चरत नाहीत ना, हे बघायला आधी वरून एक चक्कर मारायची, मग उतरायचं. विमानांच्या आवाजाची लेखातली तक्रार मात्र रास्त आहे. भल्या पहाटे उगाच घिरट्या घालणाऱ्यांना आवरा की, पट्टीनं काय घोडं मारलंय?