१०८ लावलं आणि स्टोअरमध्ये रिंग वाजली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे आणि पहिल्या मुद्द्यावर माझे कान उपटलेत ते बरंच केलंत. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ऑफिसच्या फोन सिस्टिमवर (फ्रीपीबीएक्स, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं फोन एक्स्चेंज) एक्स्टेन्शन, म्हणजे आतले नंबर, टाकताना १०१ पासून सुरुवात करा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. यांनी तसंच केलं आणि स्टोअरच्या वाट्याला १०८ आला. कारखान्यात एकाचा हात प्रेसमध्ये सापडला, वॉचमनने केबिनमधून १०८ लावलं आणि फोन उचलला स्टोअरकीपरने! कुणीतरी मोबाइलवरून लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली म्हणून निभावलं. शिवाय यांचं म्हणणं असं की, मी पासवर्डचा बागुलबुवा करतो, प्रत्येक फोन २० सेकंद वाजू द्या या माझ्या सल्ल्यामुळे पार्ट्या फोन ठेवून देतात आणि मोबाइल ॲप टाकल्यापासून टेबलावरचा फोन मुका झालाय.

१०१ ची चूक सर्वस्वी माझी. माझी बरीच वर्षं जुन्या ॲनालॉग ईपीबीएक्सवर (ऑफिसातल्या साध्या तारेच्या एक्स्चेंजवर) गेली. तिथे शून्य लावून बाहेरची लाइन घ्यायची, त्यामुळे आतले नंबर काहीही ठेवले तरी चालून जायचं. तीच सवय लेखात उतरली. आयपी सिस्टिमवर, म्हणजे नेटवर्कवरून चालणाऱ्या फोनवर, तुम्ही थेट १०८ दाबता, सिस्टिम आधी घरातला नंबर शोधते आणि तो सापडला की बाहेर बघतच नाही. १०० पोलीस, १०१ अग्निशमन, १०२ आणि १०८ ॲम्ब्युलन्स, ११२ सगळ्यांसाठी मिळून. एकने सुरू होणाऱ्या नंबरांच्या वाटेला जायचंच नाही. २०१ पासून सुरू करा.

पण नुसते नंबर बदलून भागणार नाही. वॉचमनच्या फोनला बाहेरचे कॉल बंद केलेले असतात, बहुतेक तुमच्याकडेही असतील. म्हणजे स्टोअरचा १०८ काढलात तरी त्याला एंगेज टोनच ऐकू येईल. आउटबाउंड रूटमध्ये (बाहेर जाणाऱ्या कॉलची वाट ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) या पाच नंबरांचा वेगळा रूट करा, तो सगळ्यात वर ठेवा आणि त्याला ना पिन, ना लॉक. पॅटर्न, म्हणजे दाबायच्या नंबराचा नमुना, शून्यासह आणि शून्याशिवाय, दोन्ही घाला. घाबरलेल्या माणसाला शून्य लावायचं की नाही हे आठवत नाही. चाचणीसाठी १०८ लावू नका, तिथे खरोखरची माणसं बसलेली असतात. टेलिफोन कंपनीचा तक्रारीचा १९८ त्याच रूटमध्ये घाला आणि केबिनमधूनच लावून बघा.

आता पासवर्ड. 'आमच्या पत्र्याच्या शेडला कोण हॅक करणार?' असं तुम्ही विचारलंत. शेडशी कुणाला घेणं नाही हो, तुमच्या आयएसडीशी (परदेशी कॉलच्या सोयीशी) आहे. पोर्ट ५०६० (आयपी फोन सिस्टिमचं नेहमीचं दार) इंटरनेटवर उघडं ठेवा आणि रात्री लॉग, म्हणजे सिस्टिमची नोंदवही, बघत बसा. एखादा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) १००, १०१, १०२ असे नंबर चढत्या क्रमाने घेतो आणि प्रत्येकाला पासवर्डही तोच लावून बघतो. त्यातले काही तर लॉगमध्ये स्वतःचं नाव 'फ्रेंडली स्कॅनर' सांगतात, काय म्हणावं! माझ्या एका गिऱ्हाइकाकडे २०४ चा पासवर्ड २०४ होता. शनिवारी संध्याकाळी शटर पडलं, सोमवारी सकाळी ते उघडेपर्यंत परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल चालूच होते. त्या नंबरांच्या दरात चोराचा वाटा असतो, म्हणून त्याला कुणी बोलायलाही लागत नाही. नुसती लाइन चालू राहिली की पुरे. आणि बिल फेडायचं तुम्ही.

त्यामुळे या मुद्द्यावर मी मागे हटणार नाही. फ्रीपीबीएक्स आपण होऊन लांबलचक सीक्रेट (एक्स्टेन्शनचा पासवर्ड) तयार करून देतं ते तसंच राहू द्या. 'लक्षात राहत नाही' म्हणून बदलू नका, फोनमध्ये एकदाच तर टाकायचं असतं. जे फोन ऑफिसबाहेर जाणार नाहीत त्यांच्या सेटिंगमध्ये 'डिनाय'ला (मनाई) सगळं जग आणि 'परमिट'ला (परवानगी) फक्त तुमचं लॅन, म्हणजे ऑफिसातलं नेटवर्क, घाला. आयएसडी लागत नसेल तर कंपनीकडूनच बंद करून घ्या.

रिंगचं म्हणाल तर २० सेकंद फार नाहीत. आपल्याकडची 'ट्रिंग-ट्रिंग' तीन सेकंदांनी परत येते, म्हणजे जेमतेम सहा-सात वेळा वाजते. पण तुम्हीच लिहिलंय की कॉल आधी रिसेप्शनला, मग स्टोअरला, मग तुमच्या मोबाइलला जातो. तिन्हीकडे वीस-वीस म्हणजे झालं की मिनिट! मिनिटभर कोण थांबेल? रिसेप्शन आणि स्टोअर एका रिंग ग्रुपमध्ये घाला, 'रिंगऑल' (सगळे एकदम वाजतील असं) करा, १५ सेकंद ठेवा आणि मगच मोबाइल. मोबाइलला 'कन्फर्म कॉल्स' चालू करा. म्हणजे तुम्ही १ दाबल्याशिवाय कॉल जोडला जाणार नाही आणि पार्टी तुमच्या व्हॉइसमेलमध्ये जाऊन पडणार नाही.

मुका फोन ही पाच मिनिटांची गोष्ट आहे. एकच एक्स्टेन्शन फोनवर आणि ॲपवर टाकलंत, पण 'मॅक्स कॉन्टॅक्ट्स' (एका एक्स्टेन्शनवर एका वेळी किती फोन चालतील तो आकडा) १ च राहिलंय. ॲप रजिस्टर झालं, म्हणजे सिस्टिमला जोडलं गेलं, की टेबलावरचा फोन बाहेर फेकला जातो. तिथे २ करा.

मूळ लेखातली १०१ ची ओळ आज काढली आणि तुमचा किस्सा तिथे लिहिला. नंबर बदललेत की वॉचमनच्या केबिनमधली जुनी यादी तेवढी फाडून टाका.