जीआरई ‘सोपी झाली’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जीआरई म्हणजे परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायची परीक्षा. तिच्याबद्दल पुण्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘जीआरई अर्ध्या वेळेची झाली, म्हणजे सोपी झाली. जुनी पुस्तकं रद्दीत घाला, तीन आठवडे पुरेत.’ कृपा करून यावर विसंबून परीक्षेची तारीख घेऊ नका.

वेळ कमी झाली, हे खरं. २२ सप्टेंबर २०२३ पासून पेपर पावणेचार तासांऐवजी १ तास ५८ मिनिटांचा आहे. आर्ग्युमेंटचा (दिलेला युक्तिवाद तपासण्याचा) निबंध, गुणांत न धरला जाणारा सेक्शन आणि मधली १० मिनिटांची सुट्टी गेली. पण क्वांटला, म्हणजे गणिताच्या भागाला, पूर्वी ३५ मिनिटांत २० प्रश्न असायचे, म्हणजे प्रश्नाला १०५ सेकंद. आता पहिल्या सेक्शनला २१ मिनिटांत १२, म्हणजे परत १०५ सेकंदच! व्हर्बलला, म्हणजे इंग्रजीच्या भागाला, तेव्हाही दीड मिनिट, आताही जवळपास तेवढंच. प्रश्नांचे प्रकारही तेच राहिलेत.

‘सोपी’ म्हणाल, तर उलट चूक महागात पडते. क्वांट आणि व्हर्बलला पूर्वी ४०-४० प्रश्न होते, आता २७-२७ आहेत. पहिल्या १२ प्रश्नांवर दुसऱ्या सेक्शनची काठिण्यपातळी ठरते. तिथे घसरलात की पुढचे प्रश्न सोपे येतात, पण वरचे गुण हातातून जातात. क्वांटमधला एक प्रश्न बघा: एक्सचा वर्ग ९ आहे. मोठं काय, एक्स की ३? घाईत ‘दोन्ही सारखे’ वर क्लिक होतं. एक्स उणे ३ सुद्धा असू शकतो, म्हणून उत्तर ‘ठरवता येत नाही’. असे दोन प्रश्न पहिल्या बारांत गेले तर ते भरून काढायला फारशी जागा उरत नाही.

जुन्या पुस्तकांतली एकच गोष्ट खरंच रद्दीत घालण्यासारखी आहे: मागे छापलेले गुणांचे तक्ते ४० प्रश्नांच्या हिशेबाचे आहेत, ते बघू नका. बाकी अप्पा बळवंत चौकातून घेतलेलं जुनं पुस्तक चांगलं चालतं. व्हर्बलच्या २० प्रश्नांतले १२ घड्याळ लावून १८ मिनिटांत सोडवा. उरलेल्या ८ मध्ये पुढच्या संचातले ७ मिळवा आणि ते १५ प्रश्न २३ मिनिटांत सोडवा. क्वांटला हेच २१ आणि २६ मिनिटांत. आर्ग्युमेंटचे विषय सोडून द्या.

तीन आठवड्यांत गणिताची उजळणी होईल, शब्दसंग्रह मात्र होत नाही. टेक्स्ट कम्प्लिशनला, म्हणजे रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नाला, तीन रिकाम्या जागांपैकी दोन बरोबर आल्या तरी गुण शून्य. अर्धवट ओळखीचा शब्द तिथे कामाचा नाही. निबंध एकच उरलाय, ३० मिनिटांचा, पण स्पेलचेक नसतो. त्यामुळे तो वहीत न लिहिता साध्या नोटपॅडवर टाइप करून लिहा. या उरलेल्या, म्हणजे इश्यूच्या (आपलं मत मांडण्याच्या) निबंधाचे सगळे विषय परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्या साइटवर आहेत.

पॉवरप्रेप या ईटीएसच्याच ऑनलाइन सरावाच्या मोफत दोन चाचण्या नव्या स्वरूपातल्या आहेत. एक सुरुवातीला द्या, दुसरी परीक्षेच्या दहा दिवस आधी, निबंधापासून शेवटपर्यंत जागेवरून न उठता.